चौथा उद्गार

वाशीतल्या आमच्या इमारतीत नोटीस लावणं हे धाडसाचं काम होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सकाळी जिन्याखालच्या फळ्यावर कागद डकवला, की दुपारपर्यंत त्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा उमटलेल्या असायच्या. कुठे शब्दाभोवती गोल, कुठे समासात रेघ, कुठे दोन ओळींमधून वर सरकलेला बाण. 'दोन दिवस पाणी येणार नाही, तरी सहकार्य करावे' या नोटिशीखाली एकदा मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'कोणी, कोणाशी आणि कशात?' सेक्रेटरी तणतणत दुसऱ्या मजल्यावर गेले आणि अर्ध्या तासानं चहा पिऊन, मान डोलावत खाली उतरले. दुसऱ्या दिवशी नवी नोटीस लागली. तिच्यात टाकीची चावी कोणाकडे आहे, बादल्या कधी भरून ठेवायच्या, सगळं होतं.

दुसऱ्या मजल्यावर आमच्या समोरच्या दारात राहणारे ते काका. नाव सांगत नाही. त्यांचं सांगितलं तर माझंही सांगावं लागेल, आणि पन्नाशी उलटली तरी तेवढी हिंमत माझ्यात आलेली नाही.

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. गणपतीत सगळे जमले, जेवणं झाली, की कोणीतरी म्हणतंच, "दादा, ते लाल पेन्सिलवाले काका होऊन जाऊ द्या." मग मी त्यांच्यासारखी मान तिरकी करतो, त्यांचा आवाज काढतो, पोरं हसून लोळतात. बायको आतून म्हणते, "ऐका, ऐका. ह्यांच्या गोष्टीत दर वर्षी एक माणूस वाढतो आणि ह्यांची उंची एक इंच." माणसाचं सोडा, इंचाचं मात्र खरं आहे. आणि एवढ्या वर्षांत त्या गोष्टीत एक शनिवार कधीच आलेला नाही. मोडकी पायरी चुकवावी तसा तो चुकवून मी पुढे जातो.

काका मूळचे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. मुंबईतल्या एका छापखान्यात उभं आयुष्य प्रुफं तपासण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी नव्या मुंबईत घर घेतलं. ऐंशी सालच्या आगेमागची गोष्ट. तेव्हा ती मुंबई इतकी नवी होती की रस्त्याकडेची झाडं काठीला बांधलेली असत, आणि वारा आला की झाडापेक्षा काठीच जास्त हलायची. खाडीवर पूल होता, रेल्वे नव्हती. ओहोटी लागली की खाडीचा वास यायचा आणि वारा फिरला की ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांचा. आम्ही परळच्या दीड खोलीतून आलेलो. बाल्कनी मिळाली म्हणून आई पहिला महिनाभर भाजीसुद्धा तिथेच बसून निवडायची.

काका सगळ्यांना अहो-जाहो करत. मी बावीस-तेवीस वर्षांचा. मला तोवर फक्त बसच्या कंडक्टरनं अहो म्हटलेलं, तेही 'अहो, पुढे सरका' असं. वर्षानुवर्षं कोणीतरी विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचलेलं ऐकत प्रुफं तपासल्यामुळे ती चिन्हं त्यांच्या जिभेवर जाऊन बसली होती. जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करायचे आणि शेवटी म्हणायचे, "आमेन, पूर्णविराम." माझी बहीण बारावी पास झाली तेव्हा आई पेढे घेऊन गेली, तर अगदी गंभीरपणे म्हणाले, "अभिनंदन, उद्गारचिन्ह." चेहऱ्यावर मात्र उद्गारचिन्ह म्हणून कधी दिसलं नाही.

दुसरी सवय प्रश्नाची. कोणी काही सांगितलं, की कानावरची पेन्सिल काढून विचारायचे, "ते स्वतः म्हणाले, की त्यांच्याबद्दल म्हणाले?" तळमजल्यावरचे बिऱ्हाड सोडून चाललेत, तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाई माहेरी गेल्यात त्या परत यायच्या नाहीत, असल्या सोसायटीतल्या निम्म्या बातम्या या प्रश्नापुढे जागच्या जागी मरायच्या. बायका त्यांच्या दारावरून जाताना आपोआप हवापाण्याचं बोलायला लागायच्या.

त्यांच्याकडे माझं जाणं-येणं सुरू झालं ते माझ्या आवाजामुळे. एका संध्याकाळी दारात उभे राहून म्हणाले, तुमचा आवाज भिंतीतून येतो. मला वाटलं, तक्रार आहे. "उच्चार स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "रोज अर्धा तास वाचाल का?"

प्रुफाच्या कामाला दोन माणसं लागतात. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्यावर नजर ठेवायची. घरी वाचायचं काम काकूंनी केलं होतं, लग्न झाल्यापासून. वाशीला आल्यावर वर्षाच्या आतच त्या गेल्या. खिडकीजवळ त्यांची वेताची खुर्ची होती, तिच्यावर काकांनी मला बसवलं.

समोरच्या भिंतीवर ते होतं. जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी करून, खळीनं जोडून, छतापासून कमरेपर्यंत आलेला एक प्रचंड कागद. त्यावर चार रकाने: मत्तय, मार्क, लूक, योहान. येशूची कथा सांगणाऱ्या चार पुस्तकांचे. डावीकडे एक अरुंद पाचवा, येशूमागून त्याचा धर्म सांगत फिरलेल्या पौलाच्या पत्रांचा. प्रत्येक प्रसंगाला एक आडवी ओळ. ज्याच्या पुस्तकात तो प्रसंग आहे त्याच्या रकान्यात मजकूर, नसेल तिथे कोरं. येशूला दुसऱ्या कोणी देव किंवा देवाचा पुत्र म्हटलं असेल तिथे लाल रेघ. तो स्वतः तसं काही म्हणाला असेल तिथे निळी. म्हणजे सोसायटीला जो प्रश्न ते विचारत, तोच त्यांनी आपल्या देवालाही विचारला होता.

तळवलीहून मासळी घेऊन येणाऱ्या मावशी एकदा टोपली उतरवून त्या कागदाकडे बघत राहिल्या. "ह्यो कोनाचा नकाशा हाय, काका?"

"एका माणसाचा."

"मंग त्याचा घर कुटं हाय त्याच्यान?"

काका आठवडाभर खूश होते. म्हणाले, इतका नेमका प्रश्न चर्चच्या पाळकसाहेबांनीसुद्धा विचारला नाही.

मी वाचायचो, ते रेघा मारायचे. मी नारळ फोडणारा माणूस. मला ती चारही पुस्तकं एकच वाटायची. काकांनी मला ती वेगवेगळी ऐकायला शिकवलं. योहानाचा रकाना निळ्या रेघांनी गजबजलेला. तिथे येशू जग व्हायच्या आधीपासून आहे आणि आपण कोण ते स्वतः सांगतो. मत्तय आणि लूक जन्मापासून सुरुवात करतात; तिथे देवदूत येऊन सांगतात. मार्क चौघांत तोकडा आणि बहुधा सगळ्यांत जुना. त्यात जन्म नाही, बाळपण नाही, आणि निळं जवळजवळ नाहीच.

इथे त्याला कोण ओळखतं ते बघा, असं काका म्हणायचे. आकाशातून आवाज येतो, तो ओळखतो. भुतं ओळखतात, त्यांना तो गप्प बसवतो. बरोबर जेवणाऱ्या-फिरणाऱ्यांना शेवटपर्यंत धड उमजत नाही. मग माणसांमधला पहिला कोण म्हणतो, की हा खरोखर देवाचा पुत्र होता? ज्या शिपायांनी त्याला क्रुसावर खिळलं, त्यांचा नायक. परका माणूस, हातात हत्यार, आणि तेही हा मेल्यावर. काका इथे पेन्सिल खाली ठेवायचे.

मला एकदा हुशारी सुचली. मी म्हटलं, म्हणजे काका, आधी साधा माणूस होता, मग पुस्तकागणिक थोडा थोडा देव होत गेला. माझ्या गोष्टींसारखंच झालं.

काका उठले आणि त्यांनी पाचव्या रकान्यावर बोट ठेवलं. हे पत्र चारही पुस्तकांच्या आधीचं आहे, वाचा म्हणाले. मी वाचलं. तो देवाच्या बरोबरीचा होता, पण ते त्यानं धरून ठेवलं नाही. स्वतःला रितं केलं आणि दासाचं रूप घेतलं, अशा अर्थाचं होतं.

"सगळ्यांत जुन्या कागदावर सगळ्यांत मोठी गोष्ट," काका म्हणाले. "तुमचा जिना इथे मोडतो. हा गोष्टीत वर चढत गेलेला नाही हो. हा उतरलाय. ज्यानं ज्या पायरीवर पाहिला, त्यानं तिथलं लिहिलं."

आणखी एका ओळीबद्दल मी विचारलं होतं. ती चारही रकान्यांत भरलेली होती, म्हणून नजरेत भरली. येशूला पकडून नेतात, त्याचा जवळचा शिष्य पेत्र वाड्याच्या अंगणात बसलेला असतो. लोक तीनदा विचारतात, तू त्याच्याबरोबरचा ना? तीनदा तो नाही म्हणतो. मग कोंबडा आरवतो. मी म्हटलं, हाच पुढे त्यांचा पुढारी झाला ना? मग ही गोष्ट कशाला ठेवली?

काकांना प्रश्न आवडला. छापखान्यातलं सांगतो, म्हणाले. लेखकानं हस्तलिखितात कधीतरी स्वतःची लाज लिहिलेली असते. पहिलं प्रुफ आलं की तो तेवढंच खोडतो. "जिथे सांगणाऱ्याची लाज शिल्लक आहे, ते सांगणं जुनं. लाज मागाहून कोणी घालत नाही. मागाहून काढतात." आणि खोडलेलं परत हवं असेल तर काय करायचं, तेही त्यांनी दाखवलं. खोडलेल्या शब्दांखाली ओळीनं टिंबं द्यायची. छपाईचे खिळे जुळवणाऱ्याला कळतं, हे राहू द्यायचंय.

वाशीतली त्यांची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, तेव्हा मूठभर. चर्चची इमारत नव्हती. एका शाळेच्या हॉलमध्ये उपासना व्हायची. गुड फ्रायडेला, त्यांच्या भाषेत उत्तम शुक्रवारी, दुपारी बारा ते तीन मोठी उपासना असते. येशूनं क्रुसावरून काढलेले सात उद्गार. एकेका उद्गारावर एकेकानं उभं राहून बोलायचं. कोणाला कुठला उद्गार मिळतो, यात मान असतो. मुंबईच्या मोठ्या चर्चमध्ये काकांना कधी बोलावणं आलं नव्हतं. तिथे डॉक्टर, प्रिन्सिपॉल अशी माणसं असायची. आणि काकांना हवा होता चौथाच. त्या वर्षी वाशीच्या पाळकसाहेबांनी घरी येऊन तो त्यांना दिला.

त्या दिवशी काकांनी माझ्यासाठी नानकटाई आणली होती. सात उद्गारांची फोड करून सांगितली. तीन लूककडे, तीन योहानाकडे. सातही एका माणसानं ऐकलेले नाहीत, आपण दोऱ्यात ओवले. उरला एक, चौथा, तो मार्क आणि मत्तयाकडे. आणि त्यांच्याकडे तेवढा एकच. माझ्या देवा, मला का टाकलंस.

त्यावरचं बारा मिनिटांचं भाषण ते दोन महिने लिहीत-खोडत होते आणि मी वाचत होतो. मला ते पाठ झालं. त्यात होतं की मूळ हस्तलिखितांत विरामचिन्हं नव्हती, पण इथलं प्रश्नचिन्ह पुढे कोणालाही टाळता आलं नाही. ज्याला आम्ही देव म्हणतो, त्याच्या तोंडी प्रश्नचिन्ह, आणि त्याला उत्तर नाही. तो परका शिपाई चमत्कार बघून ओळखत नाही, हे ऐकून ओळखतो. मग होतं, की बायकोच्या खाटेशी बसून मीही हेच विचारलं. तेव्हा कळलं की हे विचारायची मुभा आहे. विचारणारा आपल्या आधी होऊन गेलाय.

आणि त्यात हे होतं: "मार्कमध्ये तो स्वतःहून कुठेही म्हणत नाही, की मी देव आहे. एकदाच कबूल करतो, तेही विचारल्यावर, आणि हो म्हटलं तर जीव जाणार हे ठाऊक असताना. म्हणून तर मी त्याच्यापुढे गुडघे टेकतो. जो आपलं मोठेपण दारोदार सांगत फिरला असता, त्याच्यापुढे मी कशाला टेकू?"

मी तेव्हा तुर्भ्याला एका केमिकल कंपनीच्या स्टोअर्समध्ये प्रोबेशनवर होतो. आमचे स्टोअर्सचे साहेब काकांच्याच मंडळीचे चिटणीस होते. शिस्तीचे, सज्जन, हसण्याच्या बाबतीत अत्यंत काटकसरी. आम्ही पोरं डबे खायला बसलो की मी काहीतरी सांगायचो आणि टेबल हसायचं. एके दिवशी साहेबही त्यांचा डबा घेऊन आमच्यात बसले. मला वाटलं, आज ह्यांना हसवलं तर आपली नोकरी पक्की. शिवाय त्यांच्या धर्मातलं आपल्याला किती ठाऊक आहे, हेही दाखवायचं होतं. मी मान तिरकी केली, काकांचा आवाज लावला आणि म्हटलं, आमचे समोरचे काका म्हणतात, येशू स्वतः कुठे म्हणालाय, की मी देव आहे?

पोरं हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, असं म्हणतात? ते ऐकतायत असं पाहून मी गोष्ट एक इंच वाढवली. म्हटलं, म्हणतात म्हणजे काय साहेब, भिंतीवर तक्ताच लावलाय. देव नव्हताच म्हणतात.

ते 'नव्हताच' माझं. भाजीवर वरून कोथिंबीर घालावी, तसं घातलेलं.

उत्तम शुक्रवार पुढच्या आठवड्यात होता. आधीच्या शनिवारी दुपारी चार वाजता पाळकसाहेब, मंडळीचे एक वडीलधारे पंच आणि आमचे साहेब काकांकडे आले. मी बनियनवर बाल्कनीत. थोड्या वेळानं साहेबांनी आमची बेल वाजवली. जरा येता का, म्हणाले. मी शर्ट चढवला. जिन्याच्या चौकातच त्यांनी विचारलं, "तुम्ही यांच्याकडे रोज येता ना?"

"छे, रोज नाही, साहेब. पाणी आलं का विचारायला, कधीतरी."

आत गेलो. काकांनी पाच कप मांडले होते. म्हणजे मीही येणार, हे त्यांनी धरलेलं होतं. वेताची खुर्ची रिकामी होती. मी दाराशीच उभा राहिलो आणि कप हातात घेतला. पाळकसाहेबांनी चाचरत विषय काढला. असं ऐकलंय की तुम्ही प्रभूच्या देवपणाबद्दल असं असं म्हणता. काका म्हणाले, कुठलं वाक्य? म्हटलं असेल तसं सांगा. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

मी सांगितलं, मार्कमध्ये तो स्वतःहून कुठेही म्हणत नाही की मी देव आहे, असं काका म्हणाले.

"पुढे काही म्हणाले का?" पाळकसाहेबांनी विचारलं. मऊ माणूस. पुढे काहीतरी असावं, अशी आशा त्यांच्या आवाजात स्पष्ट ऐकू येत होती.

पुढचं मला पाठ होतं. विरामचिन्हांसकट. पण साहेब माझ्याकडे बघत होते, आणि महिनाअखेरीला माझ्या कन्फर्मेशनच्या कागदावर त्यांची सही व्हायची होती. डब्याच्या वेळी मी अर्धंच वाक्य सांगितलं आणि वर 'नव्हताच' पदरचं घातलं, हे आता त्यांच्यासमोर उघडं पडलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "एवढंच."

"आणि देव नव्हताच, असं?" साहेब म्हणाले.

"तशाच अर्थाचं काहीतरी."

सगळे काकांकडे वळले. हा माणूस लग्नपत्रिकेतली चूक दुरुस्त करून आहेरासोबत परत देणारा. हॉटेलात मेन्यूकार्ड सुधारल्याशिवाय चहा न मागवणारा. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. माझ्याकडे पाहिलं. माझं कन्फर्मेशन अडलंय आणि कोणाच्या सहीवाचून, हे मीच त्यांना दोन दिवसांपूर्वी सांगितलं होतं. त्यांनी पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली.

"यांनी सांगितलंय," ते म्हणाले. "मी त्यात भर घालत नाही."

पंच म्हणाले, पण तुमचा विश्वास आहे की नाही, ते तरी बोला.

"ते मी शुक्रवारी बारा मिनिटांत सांगणार होतो."

उद्गार काढून घेतोय, असं अजून कोणी म्हटलं नव्हतं. 'होतो' पहिल्यांदा त्यांनीच म्हटलं. पाळकसाहेब खाली बघत राहिले. चहाला कोणी हात लावला नाही. मी मात्र प्यायलो. सगळा प्यायलो, बशीतलासुद्धा.

त्या काळी वाशी गावातले कोंबडे हिंडत हिंडत आमच्या सेक्टरपर्यंत यायचे. त्या दुपारी एकही आरवला नाही. चार वाजता माझ्यासाठी कोण आरवणार? पण घरी येऊन मी मोजलं. जिन्यात एकदा, आत दोनदा. पेत्राचा जीव तरी जाणार होता. माझी गेली असती तर स्टोअर्समधली नोकरी.

शुक्रवारी सुट्टी होती. भाजी आणतो सांगून मी पिशवी घेऊन निघालो आणि शाळेच्या हॉलच्या मागच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो. काका पांढराशुभ्र शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले होते, हात गुडघ्यांवर. चौथा उद्गार आमच्या साहेबांना दिला होता. ते विश्वासात डळमळणाऱ्यांबद्दल बोलले, बरंच बोलले. मी काकांकडे बघत होतो. त्यांचे ओठ हलत होते. आधी मला वाटलं, प्रार्थना. मग ओठांवरून ओळखू यायला लागलं, कारण मला ते पाठ होतं. साहेब बोलत होते तोवर ते आपलं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलले, आवाजाशिवाय. गुडघे टेकण्याचं वाक्य आलं, काकूंच्या खाटेचं आलं. संपलं तेव्हा साहेबांचं अजून चालू होतं. काकांचे ओठ आणखी एकदा हलले. पूर्णविराम.

बाहेर पडताना त्यांनी मला पाहिलंच. छत्री उघडली आणि म्हणाले, "अहो, ऊन आहे. आत या." आम्ही एका छत्रीतून घरी आलो, माझ्या हातात रिकामी पिशवी. वाटेत एवढंच म्हणाले की तुमचे साहेब चांगलं बोलले; मत्तयातलं एक वाक्य मार्कमध्ये घातलं, तेवढं सोडलं तर.

महिनाअखेरीला माझी नोकरी पक्की झाली. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं शिरा केला आणि पहिली वाटी माझ्याच हाती समोर पाठवली. काकांनी दारात उभं राहून एक चमचा खाल्ला. म्हणाले, गोड बरोबर झालाय. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अभिनंदन, पूर्णविराम."

नंतर मी जायचा बंद झालो. कधी सेकंड शिफ्ट, कधी डोकेदुखी. ते बोलवायला आले नाहीत. वर्षभरात त्यांची मुलगी येऊन त्यांना नगरला घेऊन गेली. तो दिवस मला आधी कळला होता, म्हणून मी मुद्दाम ओव्हरटाइम मागून घेतला. आईनं वाटेसाठी चिवडा दिला. भिंतीवरचा कागद त्यांनी गुंडाळून नेला, खळीची चौकट तेवढी राहिली. नव्या भाडेकरूंनी दोनदा रंग काढला, तरी ती वर यायचीच.

पुढे दोन-तीन वर्षांनी आमचे साहेब निवृत्त झाले आणि मला धैर्य आलं. दोन्ही एकाच आठवड्यात. घरात एकच अंतर्देशीय पत्र शिल्लक होतं. मी आधी सगळ्यांची खुशाली लिहिली. आई बरी आहे, बहिणीचं लग्न ठरलं, पाणी आता रोज येतं. मग जागा संपत आली तेव्हा लिहिलं, 'त्या शनिवारी मी खोटं बोललो.' लिहिलेलं वाचलं. फारच उघडं वाटलं. शेवटच्या तीन शब्दांवर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'माझा थोडा गैरसमज झाला.' दुसरं पत्र आणायला पोस्टात जायचा कंटाळा केला आणि तेच पेटीत टाकलं. एकाच रेघेनं खोडलेलं वाचता येतं, हे पत्र पेटीत पडल्यावर सुचलं.

पंधरवड्यानं नगरहून पाकीट आलं. आत माझंच पत्र होतं. वरपासून खालपर्यंत लाल खुणा. 'आई बरी आहे' यापुढे समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'त्या स्वतः म्हणाल्या?' बहिणीच्या लग्नाच्या ओळीपुढे नुसतं एक उद्गारचिन्ह. मी घडी उलगडत शेवटच्या ओळीपर्यंत आलो. 'माझा थोडा गैरसमज झाला' यावर जाड काट मारलेली होती. आणि त्याच्या खाली, मी खोडलेल्या 'मी खोटं बोललो'च्या तळाशी, एकेक नीट टेकवलेली, लाल टिंबं.

दुसरा शब्द नव्हता. सहीसुद्धा नव्हती.

हे सगळं लिहून झाल्यावर परवा बायकोला वाचायला दिलं. ही गोष्ट तिनं तीस वर्षं ऐकलेली, त्या शनिवाराशिवाय. वाचून तिनं कागद नीट जुळवले. मग म्हणाली, "बाकीचं असू दे. पण ते चहा प्यायल्याचं काढा हो. कसंतरीच वाटतं."

मलाही वाटत होतं. मी ते वाक्य खोडलं. मग कपाटातून ते पत्र काढून पाहिलं, नातवाच्या दप्तरातली लाल पेन्सिल घेतली, आणि खोडलेल्या वाक्याखाली टिंबं दिली.